५६०२ तुकड्यांची गोधडी

द्रौपदीने आपल्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडून श्रीकृष्णाच्या बोटाला बांधली, ही कथा आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चिंधीलाही मोल असते हे बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. शिवणातून उरलेले कापड, जुन्या साडीचा धड राहिलेला काठ, मुलीच्या परकराची कड, असे तुकडे घरोघरी एखाद्या बोचक्यात बांधून ठेवलेले असतात. वेळ मिळाला की त्यांची गोधडी होते. गोधडी म्हटली की ऊब आठवते, आजी आठवते. पण इतिहास मात्र कोणाला आठवत नाही. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशीच आपली समजूत करून दिलेली आहे.

परंतु गोधडीलाही इतिहास असतो, आणि तो वाचता येतो. त्यासाठी या लेखात मी भगिनींना जरा दूर, अमेरिकेत नेणार आहे. तिथे तुकडे जोडून गोधडी करण्याची कला बायकांनी इतकी वाढवली की आज तिच्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत आणि जुन्या गोधड्या संग्रहालयांतून जपून ठेवलेल्या आहेत.

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे डोंगराळ, थंड राज्य आहे. तेथील बेनिंग्टन गावच्या संग्रहालयात एक गोधडी आहे. तिच्यात लहान लहान १६९ चौकोन आहेत. आडवे तेरा, उभे तेरा. प्रत्येक चौकोन जेमतेम साडेचार इंचांचा, आणि प्रत्येकात निराळी नक्षी. चारही बाजूंनी त्रिकोणी तुकड्यांची किनार आहे, आणि शेवटची कड पाकळ्यांसारखी गोलाईत कापलेली आहे. कापड आता फार नाजूक झाल्यामुळे ती वर्षातून थोडेच दिवस लोकांना दाखवतात. तिच्या एका कोपऱ्यात पुढील अर्थाची अक्षरे आहेत : युद्धकाळात, १८६३. तुकडे ५६०२. जेन ए. स्टिकल.

ही जेन स्टिकल शेतकऱ्याची बायको होती. १८१७ साली तिचा जन्म झाला, म्हणजे गोधडी पुरी झाली तेव्हा तिचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते. १८९६ साली ती वारली. तिने कुठे भाषण केले नाही, पुस्तक लिहिले नाही. तिच्या मागे राहिली ती ही गोधडी आणि तिच्या कोपऱ्यातील एवढी ओळ.

अशा गोधडीला तिकडे सँप्लर म्हणतात. सँप्लर म्हणजे नमुन्यांचा पट. पूर्वी युरोप-अमेरिकेत मुलींना सुईकाम शिकवताना एका कापडावर निरनिराळे टाके, अक्षरे, आकडे भरून घेत. आपल्याकडे शाळेत शिवणाच्या वहीत धावदोरा, टीप, तुरपाई, काज यांचे नमुने चिकटवून घेत, तसाच हा प्रकार. पुढे हाच शब्द गोधडीलाही लागला. नेहमीच्या गोधडीत एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. सँप्लर गोधडीत मात्र प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी असते. या चौकोनाला इंग्रजीत ब्लॉक म्हणतात. आपण त्याला चौक म्हणू.

हे चौक कसे आले, याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे, आणि तिची सुरुवात आपल्या देशात होते. सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानातील छापील सुती कापडाने साऱ्या युरोपला वेड लावले होते. कालिकतवरून तिकडे सुती कापडाला कॅलिको हा शब्द गेला, आणि आपल्या छिटावरून चिंट्झ हा शब्द झाला. आपले रंग धुतले तरी जात नसत. इंग्लंडमधील लोकरीचे व रेशमाचे विणकर हवालदिल झाले. अखेर १७२१ साली तेथील पार्लमेंटने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. ती १७७४ साली उठली. त्या काळी छीट इतके महाग असे की श्रीमंत घरच्या बायका त्यावरची फुले आणि पक्षी कात्रीने कापून साध्या पांढऱ्या कापडावर शिवत आणि त्याची पलंगावर घालायची गोधडी करीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अमेरिकेत प्रथम आलेल्या गरीब लोकांनी चिंध्या जोडून ही कला काढली, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. पण ते पुरते खरे नाही. आरंभीच्या काळात तिथल्या गोधड्या मुख्यतः सलग कापडाच्या आणि सुखवस्तू घरांतील असत. तुकड्यांच्या चौकांची गोधडी घरोघर पोहोचली ती १८३०-४० नंतर, कारण तेव्हा छापील सुती कापड स्वस्त झाले. ते स्वस्त कसे झाले? १७९३ साली इलाय व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात जिकडे तिकडे कापूस झाला. उत्तरेत लॉवेलसारख्या गावी मोठमोठ्या गिरण्या निघाल्या. तेथे खेड्यांतून आलेल्या तरुण मुली दिवसाला बारा-बारा तास काम करीत. आणि दक्षिणेत कापूस वेचीत होते ते गुलाम. १८६० साली त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती.

तेव्हा दोन पैशांच्या त्या छापील तुकड्यात किती बायकांचे हात होते पाहा. एकीने तो कापूस वेचला, तिला मजुरी नव्हती. दुसरीने गिरणीत तो विणला, तिला विश्रांती नव्हती. तिसरीने तो कापून जोडला, आणि तिच्या कामाला काम म्हणण्याची रीतच नव्हती. व्हरमाँटने १७७७ सालीच आपल्या राज्यघटनेत प्रौढ माणसाला गुलाम ठेवण्यास बंदी केली होती. पण तेथील बाईच्या सुईखाली येणारा कापूस बहुधा गुलामांनीच वेचलेला असे.

चौकांची पद्धत बायकांच्या दिनक्रमाला फार सोयीची ठरली. मोठी गोधडी पसरायला जागा लागते. चौक मांडीवर शिवता येतो. दूध उतू जाईल म्हणून चुलीकडे लक्ष ठेवता ठेवता, पाळण्याला झोका देता देता चार टाके होतात. मूल रडले तर सुई टोचून बाजूला ठेवता येते. असे महिनोन् महिने चौक साठवायचे, मग ते जोडायचे, आणि शेवटी शेजारणींना बोलावून, लाकडी चौकटीवर गोधडी ताणून सगळ्यांनी मिळून वर धावदोरा घालायचा. आपल्याकडे पापड लाटायला जशा शेजारणी जमतात तसाच तो मेळावा असे. सुखदुःखाच्या गोष्टीही तशाच होत.

चौकांची नावे ऐकली तर त्या बायकांचे सारे जग डोळ्यांपुढे येते. लाकडी ओंडक्यांचे घर, अस्वलाचा पंजा, उडते हंस, ओहायोचा तारा. ओंडक्यांच्या घराच्या मधोमध लाल चौकोन लावण्याची चाल होती, ती घरातली चूल समजत. एका चौकाचे नाव तर लोणी काढण्याच्या भांड्यातील दांड्यावरून पडले आहे. आपण त्याला रवीचा चौक म्हणू. एकाच चौकाला गावोगाव निरनिराळी नावे असत. ही नावे आणि नक्षी पुढे छापूनही मिळू लागली. सेंट लुई येथील एका कंपनीने १८८९ पासून टपालाने नमुने विकण्यास आरंभ केला, आणि कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ पर्यंत चौकांचे नमुने छापले. बार्बरा ब्रॅकमन या विदुषीने पुढे अशा चार हजारांहून अधिक नक्ष्यांचा कोश केला.

आता रवीचा चौक कसा करतात तो सांगते, म्हणजे यात किती हिशेब आहे ते कळेल. नऊ इंची चौक हवा असे धरा. त्यात नऊ घरे, प्रत्येक घर तीन इंचांचे. शिवणीसाठी प्रत्येक कडेला पाव इंच धरावा लागतो. म्हणून मधल्या घराचा चौकोन साडेतीन इंचांचा कापावा. चार बाजूंची चार घरे दोन-दोन पट्ट्यांची असतात, एक गडद, एक फिकी. पट्टी दोन इंच रुंद व साडेतीन इंच लांब कापावी. चार कोपऱ्यांत गडद व फिका असे दोन-दोन त्रिकोण येतात. त्रिकोणासाठी ३ इंच ७ सुतांचे चौकोन कापून कोनाकोनातून दुभागावे. इथे साडेतीन इंचांचा चौकोन घेतला तर घर लहान पडते, कारण तिरप्या कडेलाही शिवण जाते. असे सतरा तुकडे झाले. ते घरोघर जोडून नऊ घरे करावी, तीन-तीन घरांच्या तीन ओळी कराव्या, आणि मग ओळी एकमेकींना जोडाव्या. गडद पट्ट्या मधल्या घराकडे याव्यात आणि गडद त्रिकोणही आतल्या बाजूला, म्हणजे नक्षी उठून दिसते. शिवणीवर इस्त्री फिरवताना माया गडद रंगाच्या बाजूला वळवावी, म्हणजे फिक्या कापडातून ती दिसत नाही. त्रिकोणाची तिरपी कड उरेब असल्यामुळे ताणली जाते, म्हणून ती हाताळताना ओढू नये.

एका सुताने काय होते, असे कोणी म्हणेल. जेनच्या गोधडीत एका ओळीत तेरा चौक आहेत. प्रत्येक चौक एक सूत मोठा झाला तर ओळीच्या शेवटी १ इंच ५ सूत फरक पडतो, आणि शेजारची ओळ जुळत नाही. असे १६९ चौक तिने हाताने शिवून एकमेकांना बिनचूक बसवले. सातवी-आठवीच्या भूमितीला भिणाऱ्या मुलींना हे काम अवश्य दाखवावे.

जेन हे चौक शिवत होती तेव्हा तिच्या देशात यादवी युद्ध चालू होते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये लढाई जुंपली. व्हरमाँटसारख्या लहान राज्यातून सुमारे ३४,००० माणसे सैन्यात गेली, त्यांपैकी ५,००० हून अधिक परत आली नाहीत. जेनने आपल्या गोधडीवर देवाचे नाव लिहिले नाही, आशीर्वादाचे वचन लिहिले नाही. युद्धकाळात, एवढेच लिहिले. त्या शब्दाने ती साधी गोधडी इतिहासाचा कागद झाली.

याच युद्धाचा धागा आपल्या महाराष्ट्रातूनही गेलेला आहे. जेनच्या गोधडीत आपला कापूस होता असे नव्हे. पण लढाई तीच होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोहोचेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी राहू लागले. मग इंग्रजांना हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. रोज नव्या कंपन्या निघत, समुद्र हटवून जमीन करण्याच्या शेअरांवर लोक वेडे झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो सारा डोलारा कोसळला. त्या काळचे प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचेही त्यात फार नुकसान झाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहून १८७८ साली पुरा झाला, आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. एका आईचे नाव असे दगडात राहिले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या बायकांनी खानदेश-वऱ्हाडच्या उन्हात ओटीत तो कापूस वेचला, त्यांतल्या एकीचेही नाव कुठे नाही.

नावाचा हा प्रश्न अमेरिकेतही आहेच. १८४० च्या सुमारास न पुसणारी चांगली शाई मिळू लागली तेव्हा तिथे मैत्रीच्या गोधड्यांची चाल पडली. एखादे कुटुंब गाव सोडून दूर पश्चिमेकडे निघाले की नात्यागोत्यातील बायका एकेक चौक शिवून त्यावर आपले नाव लिहीत, आणि ती गोधडी जाणारीच्या हाती देत. पुन्हा भेट होईल की नाही याची शाश्वती नसे. पुष्कळजणींचे नाव शिरगणती आणि थडगे सोडले तर एवढ्या एका चौकावरच उरले आहे.

गुलामगिरीत वाढलेल्या बायकांची गोष्ट आणखी कठीण. त्यांनी मालकिणींसाठी शिवलेल्या गोधड्या मालकिणींच्याच नावावर राहिल्या. जॉर्जिया राज्यातील हॅरिएट पॉवर्स ही बाई १८३७ साली गुलामगिरीत जन्मली. तिने बायबलातील कथा कापडाच्या आकृत्यांनी एका गोधडीवर मांडल्या आणि १८८६ साली ती एका प्रदर्शनात ठेवली. एका चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा तिने दिली नाही. पुढे ओढगस्तीचे दिवस आले आणि तीच गोधडी तिने पाच डॉलरांना दिली. देताना तिने प्रत्येक चौकाचा अर्थ सांगितला आणि त्या शिक्षिकेने तो उतरून घेतला. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अर्थ उतरून घेतला नसता, तर लोक त्या आकृत्या नुसत्या पाहत राहिले असते.

जिथे लिहिलेले नसते तिथे दंतकथा शिरते, हेही सांगितले पाहिजे. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट कळावी म्हणून कुंपणावर विशिष्ट चौकांच्या गोधड्या वाळत घालीत, अशी एक गोष्ट १९९९ साली निघालेल्या एका पुस्तकामुळे फार पसरली. ऐकायला ती सुंदर आहे. परंतु इतिहासकारांना तिला त्या काळचा आधार सापडलेला नाही.

आपल्या गोधडीशी जवळचे नाते सांगायचे तर अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीचे सांगावे लागेल. तेथील कृष्णवर्णी बायका शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्याच गोधड्या करीत. २००२ साली त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत भरले, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. आपली वाकळही अशीच. अमेरिकन गोधडीत आधी वरचा पट जोडतात, मग मध्ये कापूस आणि खाली अस्तर घालतात. आपण जुन्या साड्या, लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालतो आणि कडेपासून आत धावदोरा भरत जातो. त्यांचे कापड बहुधा नवे, शिवणातून उरलेले. आपले अंगावर वापरलेले. म्हणून आपल्या गोधडीत माणूस असतो. हे आजोबांचे धोतर, हे आत्याचे लुगडे, असे बोट ठेवून सांगता येते. पण सांगणारी गेली की सांगणे संपते. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात किती गोधड्या शिवल्या हे घरात कोणालाच ठाऊक नाही. लेकी-सुनांच्या बाळंतपणात त्यांची गोधडी ठरलेली असे. त्या वापरल्या गेल्या, धुतल्या गेल्या, विरल्या आणि शेवटी पायपुसणी झाल्या. गोधडीने झिजावे हे खरेच. पण तिच्याबरोबर करणारीही झिजून नाहीशी व्हावी, हे बरे नव्हे.

जेन स्टिकलने हेच होऊ दिले नाही. तिने तुकडे मोजले. ५६०२ हा आकडा मला त्या गोधडीतील सर्वांत बोलका वाटतो. जमाखर्च ठेवणारा पै न् पै मोजतो, त्याच्या वहीला मान असतो. घरातील बाईचे काम मात्र कोणी मोजत नाही. किती पोळ्या लाटल्या, किती रात्री जागल्या, किती टाके घातले, याची वही नसते. जेनने आपली वही कापडाची केली आणि खाली सही केली. १९९६ साली ब्रेंडा पापाडाकिस या बाईंनी तिच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून देशोदेशीच्या स्त्रिया ते सर्व चौक पुन्हा शिवत आहेत. शंभर वर्षांनी आलेल्या या लेकींना जेनचे नाव माहीत आहे, कारण ते तिने लिहून ठेवले.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी हार-तुरे होतील, हळदीकुंकू होईल, ते हवेच. त्याबरोबर आपणही एक नमुन्यांची गोधडी करावी, अशी माझी भगिनींना विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या घरच्या कापडाचा नऊ इंची एक चौक शिवून आणावा. कोणी रवीचा करावा, कोणी तारा करावा, कोणी रांगोळीतली नक्षी घ्यावी. चौकाच्या कोपऱ्यात आपले नाव, आणि कापड कोणाचे होते तेही, साध्या दोऱ्याने घालावे. सगळे चौक जोडून झाले की शेवटच्या कोपऱ्यात गावाचे नाव व साल घालावे, आणि तुकडे मोजून आकडाही घालावा. पुढे ती कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. पण ज्या मुलीच्या हाती पडेल तिला आपण कोण होतो, हे कोणाला विचारावे लागणार नाही.